अबोलीचं पुढे काय झालं? गोव्यातल्या बागप्रेमींच्या गप्पांची पार्श्वभूमी

जूनचे पहिले पंधरा दिवस सरले की आमच्या बागकामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अबोलीचा फोटो हमखास येतो. पानं पिवळी पडलेली, शेंड्याने मान टाकलेली, तुरे अर्धे उमलून तसेच सुकलेले. खाली एकच ओळ: "अबोली मरता, कितें करूं?" दहा मिनिटांत आठ उत्तरं येतात. पाणी कमी करा. शेणखत घाला. शेणखत अजिबात घालू नका. निमतेल मारा. कुंडी उन्हात सरकवा. तेवढ्यात कुणाच्या तरी घरी अँथुरियम फुलतं, त्याचं कौतुक सुरू होतं आणि अबोली वर सरकत सरकत दिसेनाशी होते. ती जगली की गेली, हे कुणी विचारत नाही, कुणी सांगतही नाही. पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या गावातल्या अंगणातून तोच प्रश्न येतो.

हाच प्रश्न मी २००७ साली इंटरनेटवरच्या एका परदेशी फोरमवर, म्हणजे बागवाल्यांच्या चर्चेच्या संकेतस्थळावर, विचारला होता. त्याचं उत्तर पुरं व्हायला अकरा महिने लागले. ती हकिकत पुढे सांगतेच. पण आधी मागे जायला हवं, कारण गोव्यात झाडांविषयीचं बोलणं इंटरनेटमुळे सुरू झालेलं नाही.

आपल्याकडे हौसेची बाग म्हणजे मुळात परसू. मागे नारळ, केळ, आळू, बिमली; पुढच्या अंगणात तुळस, अबोली, जाई, मोगरा. ख्रिस्ती घरांत बाल्कांवच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, कठड्यावर फर्न आणि क्रोटनच्या कुंड्या. फोंड्याकडे, म्हणजे अंत्रुज महालात, याचंच मोठं रूप म्हणजे कुळागर: पोफळीच्या सावलीत केळी आणि अननस, पोफळीवर चढवलेली मिऱ्याची वेल, कडेला भिरंड (कोकम) आणि फणस. या सगळ्याची विद्या कुणी लिहून ठेवली नव्हती. "म्हाका एक खांदी दी गो" म्हणत शेजारीण यायची. खांदीबरोबर ती कशी लावायची, कुठल्या नक्षत्रावर लावायची, किती दिवस हात लावायचा नाही, हेही तिला मिळायचं. आणि खांदी देणारी पुढे रोज येता-जाता कुंपणावरून बघत असायची. झाड लागलं नाही तर ते लपत नसे.

बाहेरून आलेली झाडंही अशीच मुरली. मिरची, काजू, पपई, अननस, पेरू ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांच्या गलबतांनी ती आपल्या किनाऱ्यावर उतरवली. आंब्याची कलमं बांधायचं तंत्र जेझुइट पाद्र्यांनी गोव्यात रुजवलं असं मानलं जातं. आज आपण जिवापाड जपतो त्या मानकुरादचं नाव ‘मालकोरादो’ या पोर्तुगीज शब्दावरून, म्हणजे रंग नीट न चढलेला, असं आलं. त्या मानकुरादला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मला याहून जवळची वाटते ती गार्सिया द ओर्ता यांची गोष्ट. हे पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आले आणि १५६३ मध्ये त्यांनी इथल्या औषधी व वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यातच छापला. तो ग्रंथ संवादरूपात आहे. एक पाहुणा विचारतो, ओर्ता सांगतात, मधूनच इथल्या वैद्यांचा दाखला देतात. पणजीच्या चर्चसमोरच्या पालिका उद्यानाला त्यांचंच नाव आहे. त्या बागेतून जाताना मला नेहमी वाटतं, झाडाविषयी प्रश्न विचारायचा आणि उत्तर सगळ्यांना वाचता येईल असं मांडून ठेवायचं, ही रीत आपल्या मातीत साडेचारशे वर्षांपूर्वीच छापून झाली होती.

लोकांचं स्वतःचं दप्तर मात्र होतं माटोळी. चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगायची आणि तिला त्या ऋतूतलं जे जे मिळेल ते बांधायचं: नारळ, सुपारीचं शिपटं, तोरिंजन, आंबाडे, तवशी आणि रानातली कांगलां, माट्टी, घागऱ्यो. कांगलां कुठल्या डोंगराच्या कुठल्या उतरणीवर पिकतात हे घरातल्या एकाला तरी ठाऊक असावंच लागे, आणि दर वर्षी तिथे जाऊन बघावं लागे. एखादी वेल तोडली गेली असेल तर त्या चवथीला ते कळायचंच. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत आजही हौशी लोक शेकडो वस्तू बांधतात आणि परीक्षकांना एकेकीचं नाव सांगतात. म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळातली जायांची पूजा तशीच. तिथल्या फुलकारांच्या घरांत जाईची निगा कशी राखायची हे पूजेच्या तारखेशी बांधलेलं आहे. कळी कधी यायला हवी हे ठरलेलं, म्हणून छाटणी कधी करायची हेही ठरलेलं.

बाजाराने आपली भर घातली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पावसाच्या तोंडावर रोपं आणि गावठी बियाणं घेऊन बसणाऱ्या बायका होत्या, आजही आहेत. जुन्या गोव्यातल्या एला इथे १९७६ पासून केंद्राची कृषी संशोधन संस्था आहे. बॉटनिकल सोसायटी ऑफ गोवाच्या प्लांट उत्सवात आणि कोकण फ्रूट फेस्टमध्ये नवख्यांना जाणकार समोरासमोर भेटू लागले. पण एकेकट्या घरातल्या हौशी माणसाला, त्यातही नोकरी करून संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालणाऱ्या बाईला, रोजचं विचारायला कुणी नव्हतं. फ्लॅट वाढले तशी कुंपणावरून बघणारी शेजारीणही कमी झाली.

इंटरनेट नेमकं या जागी येऊन बसलं. भारतात सर्वसामान्यांसाठी ते १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने खुलं केलं. परदेशातल्या गोंयकारांची गोवानेट ही ईमेलवरची चर्चा त्याच्याही आधी, १९९४ मध्ये सुरू झाली होती. बागेपुरतं बोलायचं तर खरी ठिकाणं दोन, आणि दोन्ही अमेरिकेतली: नव्वदच्या दशकातलं गार्डनवेब आणि २००० सालचं डेव्ह्ज गार्डन. तिथे गुलाबाचा विभाग वेगळा, ऑर्किडचा वेगळा, कंपोस्टचा वेगळा. एक प्रश्न म्हणजे एक धागा. त्या धाग्याची खुबी अशी की दोन वर्षांनी जरी कुणी त्यात नवीन ओळ लिहिली तरी तो उचलून पुन्हा सगळ्यांत वर यायचा. म्हणजे झाडाला फळ धरेपर्यंत प्रश्न थांबून राहू शकत होता. बागेच्या बाबतीत याहून मोठी सोय मी आजवर पाहिलेली नाही.

आता माझी अबोली. तुळशीजवळच्या वाफ्यातली बारा झाडं श्रावणात एकामागून एक सुकू लागली. फोंड्यातल्या एका सायबर कॅफेत बसून मी फोटो चढवले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. पहिलं उत्तर फ्लोरिडाहून आलं. त्या बाई अबोली कुंडीत लावत होत्या. तिथे तिला फटाक्याचं फूल म्हणतात, कारण सुकलेल्या बोंडावर पाण्याचा थेंब पडला की ती तडकून बी उडवते. गोव्यात या फुलांच्या फाती करून केसांत माळतात हे त्यांना माहीत नव्हतं. मी लिहिलं तेव्हा त्यांनी तीन वेळा विचारलं, वास नसलेलं फूल का माळता म्हणून. दुसरं उत्तर मूळच्या तामिळनाडूतल्या एका गृहस्थांचं. त्यांनी सल्ला दिलाच नाही. म्हणाले, मेलेलं एक झाड मुळासकट उपट, मुळं धू आणि फोटो टाक.

मी उपटलं. बारीक मुळांवर मोहरीएवढ्या गाठीच गाठी. ते सूत्रकृमी होते, डोळ्यांना न दिसणारे, मुळांत घर करणारे. अबोलीचा हा जुना वैरी. पाणी आणि खत यांचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता. मग सूचना आल्या: त्या वाफ्यात एक हंगाम अबोली लावायची नाही. दाट झेंडू लावायचा, कारण त्याच्या मुळांतल्या द्रव्याने सूत्रकृमी हटतात. फुलं संपली की झाडं तिथेच मातीत गाडायची, नंतर निंबोळी पेंड मिसळायची. दसऱ्याला दाराला लावायची रोजां, म्हणजे झेंडूची फुलं, मी त्या वर्षी वाफ्यातूनच तोडली. फेब्रुवारीत पेंड घातली, नवीन रोपं लावली. २००८ च्या जुलैत त्याच धाग्यात लिहिलं: बारातली नऊ जगली. फ्लोरिडाच्या बाईंनी लगेच उत्तर दिलं. त्या वाट बघत होत्या.

पण त्या जगात आम्ही पाहुणेच होतो, हेही खरं. प्रत्येक प्रश्नाला आधी विचारत, तुमचा झोन कोणता? ते पट्टे अमेरिकेच्या कृषी खात्याने कडाक्याच्या थंडीवरून आखलेले. आपल्याकडे दव गोठतच नाही. आपला प्रश्न जून ते सप्टेंबर कोसळणाऱ्या पावसाचा, वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. मातीत कॉफीचा चोथा घालून आम्लता वाढवा, असं तिथे आवडीने सांगायचे. आपली जांभ्याची माती मुळातच आम्ल, तिला आणखी आंबवून काय साधणार? आणि भाषा. माझ्या आईला माझ्या दसपट कळत होतं, पण तिला तिथे तोंड नव्हतं. तिचं म्हणणं मी इंग्रजीत लिहायचे तेव्हा अर्धं वाटेतच सांडायचं.

देशी आसरे मधल्या काळात उभे राहिले. २००७ मध्ये सुरू झालेल्या इंडियनट्रीपिक्स या गूगल ग्रुपचं पुढे ई-फ्लोरा ऑफ इंडिया झालं. रानातल्या झाडांची ओळख पटवायला तिथली माणसं आजही झटतात. ऑर्कुटवर बागेच्या कम्युनिटी होत्या, त्या ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुटबरोबरच संपल्या. तोवर फेसबुकचे ग्रुप आले होते, आणि २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर डेटा इतका स्वस्त झाला की घराघरात व्हॉट्सअ‍ॅप गेलं. फोरमवरची माणसं भांडून निघून गेली नाहीत. फोन हातात होता, फोटो तिथल्या तिथे जात होता, उत्तर लगेच येत होतं, एवढंच.

जुन्या ठिकाणांचीही पडझड झाली. गार्डनवेब हात बदलत २०१५ मध्ये हाऊझ या घरसजावटीच्या कंपनीकडे गेलं. याहून मोठा घाव २०१७ चा. फोरमवरचे लोक आपले फोटो ज्या फोटोबकेट या संकेतस्थळावर ठेवत, त्याने ते इतरत्र दाखवण्यासाठी वर्षाला जवळपास ४०० डॉलर मागायला सुरुवात केली आणि जगभरच्या फोरमवरचे असंख्य फोटो एका फटक्यात दिसेनासे झाले. बाकी कुठल्या छंदात फोटो गेला तर मजकूर तरी उरतो. बागेत "या पानावरचा हा डाग बघा" असं लिहिलेलं राहिलं आणि डागच गेला. याहू ग्रुप्सही डिसेंबर २०२० मध्ये कायमचे बंद झाले.

त्याच २०२० च्या टाळेबंदीत गोव्यातले बागेचे ग्रुप भरभरून वाढले. आपली भाजी रोज बेळगावहून येते. गाड्या अडकल्या तेव्हा ते पहिल्यांदा सगळ्यांना टोचलं. गच्चीत तांबडी भाजी, कुंडीत मुळा, बादलीत मिरची. ज्यांनी कधी मातीला हात लावला नव्हता ते बी मागू लागले आणि ज्यांच्या डब्यात राखेत घोळलेलं बी होतं त्या म्हाताऱ्या बायकांना अचानक मान आला. त्यांना टाइप करायला जमत नाही, त्या व्हॉइस मेसेज पाठवतात. मागे कोंबड्यांचा आवाज, मध्येच कुणाला तरी दिलेली हाक, आणि कोंकणीत किंवा मराठीत नेमकं सांगणं: "माडाच्या बुडाक मीठ घाल, पूण पावस पडचे आदीं." माझी आई असती तर तिला इथे तोंड मिळालं असतं. फोरमने हे कधीच दिलं नसतं, आणि म्हणून जुन्या दिवसांसाठी गळा काढणं मला पटत नाही. सांगेचं रोप संध्याकाळी पर्वरीला पोचतं. कुंपणच परत आलं, फक्त लांबवर पसरलेलं.

गेली ती आठवण. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये २०१६ पासून २५६ माणसं मावत, २०२२ मध्ये ती मर्यादा १०२४ झाली. एवढ्या माणसांत नव्याने आलेल्याला आधीचं सगळं बोलणं दिसत नाही. फोन बदलला, बॅकअप राहिलं, की वर्षांचं वर्षं जातं. फेसबुकवर जुनी पोस्ट शोधणं म्हणजे भाताच्या कोंड्यात सुई. शिवाय नावं: कुणी अबोली देवनागरीत लिहितं, कुणी रोमी (रोमन) लिपीत, कुणी नुसता फोटो टाकतं. शोधणार काय? फोनमधली झाड ओळखणारी अ‍ॅप्स नाव बरोबर सांगतात पुष्कळदा, पण तुमच्या वाफ्यात गेल्या वर्षी काय मेलं हे त्यांना कुठून कळणार?

मी ज्या फोरमवर होते तो आता उघडत नाही. सायबर कॅफेत छापून घेतलेली अबोलीच्या धाग्याची चार पानं माझ्याकडे आहेत, फोटोंच्या जागी काळपट चौकोन. गेल्या जूनमध्ये पहिला फोटो आला तेव्हा मी सल्ला दिला नाही, एवढंच लिहिलं: एक झाड उपटा, मुळं धुवा, फोटो टाका. डिचोलीच्या त्या बाईंनी टाकला. गाठी होत्याच. चार पानांचे फोटो काढून ग्रुपवर पाठवले आणि आमच्या अ‍ॅडमिनने त्याच रात्री एक साधा तक्ता करून दिला, सगळ्यांना उघडता येईल असा. रकाने सहा: तारीख, गाव, झाड, काय दिसलं, काय केलं, पुढे काय झालं. आज त्यात त्रेचाळीस ओळी आहेत. शेवटचा रकाना अकरा ठिकाणी भरलेला आहे. डिचोलीच्या ओळीत लिहिलंय: "रोजां गाडली. पेंड घातली. नवी रोपां माघांत."