पुलाची कंपन-तपासणी

पूल कसा थरथरतो हे मोजून त्याच्या सांगाड्यात बिघाड झाला आहे का, हे ओळखण्याची पद्धत. माठ घेताना आपण तो बोटाच्या पेराने वाजवून पाहतो. खणखणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर तडा आहे असे समजून परत ठेवतो. इथे तत्त्व तेच आहे. फरक एवढाच, की पुलाचा सूर कानाला ऐकू येत नाही. मध्यम लांबीच्या काँक्रीट पुलाची पहिली (सर्वांत मंद) नैसर्गिक वारंवारता बहुधा २ ते ५ हर्ट्झ असते, म्हणजे सेकंदाला दोन ते पाच झोके.

पुलावर पादचारी म्हणून उभे असताना भरलेला ट्रक गेला, की तो पलीकडे उतरल्यावरही स्लॅब क्षणभर पायाखाली थरथरत राहतो. ही मागे उरलेली थरथर पुलाची स्वतःची असते. गाळ्यांवर, म्हणजे दोन खांबांमधल्या भागांवर, ठिकठिकाणी त्वरणमापक (हालचालीचा वेग किती झटकन बदलतो ते टिपणारी उपकरणे) बसवून ती नोंदवतात. त्यासाठी वाहतूक थांबवावी लागत नाही, कारण वारा आणि वाहनेच पुलाला हलवत असतात. नोंदींतून तीन गोष्टी काढतात : वारंवारता, पूल कोणत्या आकारात वाकतो ते कंपनरूप, आणि थरथर किती लवकर विरते ते अवमंदन. यांपैकी अवमंदनाचा आकडा मोजणीगणिक इतका बदलतो, की एकट्या त्यावर निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

वारंवारता ही ताठरता आणि वस्तुमान यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. सगळी अडचण या वर्गमुळात आहे. पुलाची एकूण ताठरता १९ टक्क्यांनी घटली तरी वारंवारता १० टक्केच उतरते. मग एका गर्डरच्या (पुलाचा भार पेलणाऱ्या आडव्या तुळईच्या) एका तड्याने ती कितीशी हलणार? अमेरिकेत अल्बुकर्की येथे रिओ ग्रांदे नदीवरचा आय-४० महामार्गाचा पूल पाडण्यापूर्वी, १९९३ मध्ये, त्याचा एक पोलादी गर्डर टप्प्याटप्प्याने कापून पाहिला. सुरुवातीच्या कापांनी वारंवारता म्हणावी तशी उतरलीच नाही. शेवटचा, सर्वांत खोल काप दिल्यावरच ती स्पष्ट घसरली.

याहून मोठा धडा स्वित्झर्लंडमधल्या झेड-२४ पुलाने दिला. बर्न आणि झुरिच यांना जोडणाऱ्या महामार्गावरून कोप्पिगेन व उत्झेनस्टोर्फ या गावांना जोडणारा हा पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा, म्हणजे आतल्या ताणलेल्या पोलादी तारांनी (ताणतारांनी) आधीच दाबून ठेवलेल्या काँक्रीटचा पूल. गाळे तीन, १४, ३० आणि १४ मीटरचे. शेजारून नवा रेल्वेमार्ग जाणार असल्याने तो पाडायचे ठरले होते, आणि अभियंत्यांनी त्या संधीचे सोने केले. १९९७ च्या नोव्हेंबरपासून सुमारे दहा महिने त्याची कंपने, तापमान आणि वारा सतत नोंदवला. त्या काळाच्या अखेरीस, १९९८ च्या उन्हाळ्यात, त्याला मुद्दाम इजा केली : एक खांब कापून जॅकने टप्प्याटप्प्याने ९५ मिलिमीटरपर्यंत खाली उतरवला, काँक्रीट फोडले, शेवटी ताणतारा तोडल्या.

पण इजा करण्याआधीच, धडधाकट पुलाच्या पहिल्या चार वारंवारता नुसत्या ऋतुबदलाने १४ ते १८ टक्के हलल्या होत्या. थंडीत पारा शून्याखाली गेला, की वरचा डांबराचा थर कडक होऊन पुलाची ताठरता वाढवी आणि वारंवारता वर चढे. खऱ्या बिघाडाने होणारी घट या चढउतारात सहज लपते. म्हणून आज कोणीही नुसती वारंवारता दाखवून पूल ठीक आहे की नाही हे सांगू लागला, तर त्याच वेळचे तापमान आधी विचारावे. झेड-२४ पाडला गेला; त्याच्या नोंदींवर मात्र संशोधक अजूनही नव्या गणितपद्धती पारखून घेतात.

पूर्वप्रतिबलित पुलात आणखी एक पेच आहे. भार उतरला, की ताणतारा तडा पुन्हा मिटवतात आणि हलक्या कंपनांना तो जाणवतच नाही.

डेन्मार्कच्या अँडर्स रिटर यांनी १९९३ मध्ये या कामाच्या चार पायऱ्या मांडल्या : बिघाड आहे का, कुठे आहे, किती आहे, आणि पुलाचे आयुष्य किती उरले. प्रत्यक्षात पहिली पायरी जमते, दुसरी कधीकधी. पुढच्या दोन पायऱ्या नुसत्या कंपनांच्या जोरावर क्वचितच.

काही ठिकाणी मात्र ही पद्धत खरोखर चोख काम देते. तिरप्या केबलांनी तोललेल्या (केबल-स्टेड) पुलांच्या केबलचा ताण तंबोऱ्याच्या तारेसारखा सुरावरून कळतो. ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने सूर ५ टक्के उतरला, तर ताण सुमारे १० टक्के घटलेला असतो. म्हणजे इथे गणित आपल्या बाजूचे आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे नदीतला खांब. पुराने पायाजवळची माती खरवडून नेली, की खांबाचा मोकळा भाग वाढतो आणि त्याची आडवी वारंवारता उतरते. गढूळ पाण्याखालचे हे खरवडणे डोळ्यांना दिसत नाही. जपानी रेल्वेत यासाठी सुमारे ३० किलोचे वजन दोरीला टांगून खांबाच्या माथ्याजवळ आडवे आपटतात आणि त्याची थरथर आधीच्या किंवा प्रमाण आकड्याशी ताडून पाहतात. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्यासोबत एसटीच्या दोन गाड्या गेल्या. पुराच्या नद्यांवर उभ्या असलेल्या अशा जुन्या पुलांपुढचा मुख्य प्रश्न तुलनेचा आहे : ते धडधाकट असताना त्यांची थरथर बहुधा कोणी मोजलेली नाही.