हायडेलबर्गचा पडका किल्ला आणि तीन तासांची सहल

युरोपच्या ग्रुप टूरमध्ये हायडेलबर्गच्या वाट्याला जेमतेम तीन तास येतात. बस नेकार नदीच्या काठी सोडते. रुळांवरच्या गाडीने वर किल्ल्यात, तिथे वाइनचं मोठं पिंप, गच्चीवरून फोटो, मग खाली मुख्य रस्त्याने जुना पूल, पुलाशी बसलेलं ब्राँझचं माकड, की झालं. आमच्या चाळीस जणांतल्या एका काकांनी वर पोचल्यापोचल्या विचारलं, "अहो, एवढे पैसेवाले लोक, मग हा किल्ला अजून दुरुस्त का केला नाही?" टूर मॅनेजरने घड्याळ दाखवलं. काकांचा प्रश्न मात्र अगदी नेमका होता. त्यावर जर्मनीत सव्वाशे वर्षांपूर्वी जाहीर भांडण होऊन गेलंय.

आधी किल्ला पडला कसा ते. हायडेलबर्ग ही पॅलॅटिनेट या जर्मन संस्थानाच्या 'इलेक्टर' राजांची राजधानी. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या मोजक्या सत्ताधीशांपैकी हे एक घराणं. १३८६ मध्ये त्यांनी इथे विद्यापीठ काढलं, आजच्या जर्मनीतलं ते सर्वांत जुनं. किल्ला एका झटक्यात बांधलेला नाही. येणाऱ्या प्रत्येक राजाने चौकाभोवती आपला एकेक महाल उभा केला, म्हणून चौकात उभं राहिलं की प्रत्येक भिंतीचा थाट वेगळा दिसतो. दगड तेवढा एकच, तांबूस वालुकाश्म.

१६८५ मध्ये इलेक्टर कार्ल निपुत्रिक वारला. त्याची बहीण लिझेलोटे ही फ्रान्सच्या चौदाव्या लुईची भावजय. तिच्या नावाने लुईने वारसाहक्क सांगितला आणि फौजा घुसवल्या. २ मार्च १६८९ रोजी फ्रेंचांनी किल्ला पेटवला, काही भाग सुरुंगाने उडवला. (१६८९ चा मार्च म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तुळापूर येतं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काहीच नाही, पण तिथे पाटी वाचताना क्षणभर थबकायला होतंच.) चार वर्षांनी, १६९३ मध्ये, ते परत आले आणि उरलंसुरलं उडवलं. गाव तर जवळपास सगळं जळालं. मुख्य रस्त्यावर चर्चसमोर 'झुम रिटर' ही १५९२ ची नक्षीदार दगडी हवेली आहे, ती त्या आगीतून वाचलेली. बाकी ज्याला आपण 'जुनं गाव' म्हणून फोटोत घेतो, ते बहुतेक अठराव्या शतकातलं, मध्ययुगीन आखणीवर पुन्हा बांधलेलं.

लिझेलोटे स्वतः याच किल्ल्यात जन्मलेली. आपल्या नावाने आपलंच माहेर जाळलं जातंय हे तिला फ्रान्सच्या दरबारात बसून ऐकावं लागलं. तिच्या पत्रांतून ते दुःख वाचायला मिळतं.

वर गेलात तर पिंपाच्या रांगेत उभं राहण्याआधी पूर्वेचा दारूगोळ्याचा बुरूज बघा. त्याची भिंत सहा मीटरहून जाड. सुरुंग लागल्यावर ती चुरा झाली नाही. बुरूज उभा चिरला आणि अर्धा भाग सबंधच्या सबंध घसरून खंदकात टेकला. तो आजही तसाच पडलेला आहे, त्यावर झाडोरा उगवलाय. उरलेल्या अर्ध्यात आतले मजले, कमानी उघड्या दिसतात, मधोमध कापलेल्या फणसासारख्या. किल्ला कसा मेला हे सांगायला दुसऱ्या कुठल्या पाटीची गरज नाही.

पुढची कथा हळूहळू विझत गेलेली. १७२० मध्ये इलेक्टर कार्ल फिलिपचं गावातल्या प्रोटेस्टंटांशी मुख्य चर्चवरून बिनसलं आणि त्याने राजधानीच जवळच्या मानहाइमला हलवली. त्याच्यानंतरच्या कार्ल थिओडोरला किल्ला पुन्हा नांदता करायची इच्छा होती, पण १७६४ च्या जूनमध्ये वीज पडली, आग लागली आणि तो बेत तिथेच राहिला. मग आपल्याकडच्या गढ्यांचं जे होतं तेच झालं. लोक दगड नेऊन घरं बांधू लागले.

ज्या पिंपापाशी सगळे ग्रुप गोळा होतात ते याच कार्ल थिओडोरचं, १७५१ चं. सुमारे २ लाख २० हजार लिटर मावतील एवढं, आणि त्यासाठी १३० च्या आसपास ओकची झाडं तोडली, असं सांगतात. द्राक्षबागायतदारांकडून कर म्हणून वाइन वसूल व्हायची आणि बरी-वाईट सगळी एकाच पिंपात ओतली जायची. चवीचा अंदाज ज्याचा त्याने करावा. पिंपासमोर पेर्केओ या बुटक्या विदूषकाचा लाकडी पुतळा आहे. दारूवर जगणारा हा माणूस एकदा चुकून पाणी प्यायला आणि मेला, ही दंतकथा गाइड न चुकता सांगतो आणि सगळे न चुकता हसतात.

दगड नेणं थांबवलं ते शार्ल द ग्रेंबेर्गने. किल्ला पाडला फ्रेंचांनी, वाचवला तोही एका फ्रेंचाने! फ्रेंच राज्यक्रांतीमुळे देशोधडीला लागलेला हा सरदार १८१० मध्ये किल्ल्याची चित्रं काढायला आला आणि १८६४ मध्ये मरेपर्यंत हायडेलबर्गलाच राहिला. सुरुवातीची काही वर्षं तर किल्ल्यातच मुक्काम ठोकून तो चौकावर नजर ठेवायचा, कोणी दगड उचलायला आलं की हटकायचा. आपली चित्रं त्याने छापून विकली. आजच्या पिक्चर पोस्टकार्डाची ती पणजीच. जर्मन कवी आणि चित्रकार तर आधीच या भग्नावशेषांच्या प्रेमात पडले होते. वेलींनी वेढलेल्या भिंती, खाली नदी, मागे डोंगर. किल्ला धडधाकट असता तर हे वेड लागलं असतं का, शंकाच आहे.

मग लोकांची रीघ लागली. १८४० मध्ये मानहाइमहून रेल्वे आली. १८५५ मध्ये इंग्रज सहल-आयोजक थॉमस कुक इंग्लंडबाहेर युरोपात पहिली सहल घेऊन निघाला, तिच्या वाटेवर कोलोन आणि ऱ्हाइनबरोबर हायडेलबर्ग होतंच. १८९० मध्ये डोंगरावर चढणारी गाडी सुरू झाली, तीच वाट आमच्या ग्रुपने धरली. म्हणजे आपला तीन तासांचा कार्यक्रम कुठल्या टूर कंपनीच्या डोक्यातून आलेला नाही, तो एकोणिसाव्या शतकातच ठरून गेलाय.

आता काकांचा प्रश्न. १९०० च्या सुमारास किल्ल्यातल्या फ्रीडरिख महालाचं नूतनीकरण झालं. वास्तुविशारद कार्ल शेफरने ते इतक्या हौसेने केलं की जुनं कुठलं आणि नवं कुठलं कळेना. पाठोपाठ त्याला शेजारचा ओटहाइनरिख महालही छप्परासकट उभा करायचा होता. तेव्हा कलेतिहासकार गेओर्ग डेहिओने १९०१ मध्ये जोरदार विरोध केला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की जतन करा, जीर्णोद्धार नको. जे गेलं ते गेलं, त्याची नक्कल उभी करून इतिहास परत येत नाही. वाद काही वर्षं चालला आणि बांधायचं नाही असं ठरलं. म्हणून आज ओटहाइनरिख महालाची पुतळ्यांनी भरलेली दर्शनी भिंत उभी आहे आणि वरच्या खिडक्यांतून थेट आभाळ दिसतं. तळमजल्यावर मात्र औषधनिर्मितीचं छान संग्रहालय आहे. गर्दी पिंपापाशी असल्याने तिथे निवांत बघता येतं.

दुसऱ्या महायुद्धात हायडेलबर्गवर मोठे बॉम्बहल्ले झाले नाहीत. नुकसान झालं ते पुलाचं, तेही जर्मन सैन्यानेच केलेलं. अमेरिकन फौजा येऊ नयेत म्हणून मार्च १९४५ च्या अखेरीस त्यांनी १७८८ च्या पुलाच्या कमानी उडवल्या. फौजा दुसऱ्याच दिवशी गावात होत्या. १९४७ पर्यंत पूल पुन्हा बांधला, तोही जुन्यासारखाच, आणि त्यावर डेहिओसारखं कोणी भांडलं नाही. पूल रोज ओलांडायचा असतो. माकड तर अगदी अलीकडचं, १९७९ चं, जुन्या पुलावर शतकांपूर्वी असलेल्या माकडाची आठवण म्हणून बसवलेलं. त्याचं डोकं पोकळ आहे, त्यात आपलं डोकं घालून फोटो काढायचा.

तीन तासांत न बसणारी एक गोष्ट मराठी माणसाला सांगायलाच हवी. याच विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोंथायमर प्राध्यापक होते. धनगरांच्या वाड्यांवर, जत्रांमध्ये हिंडून त्यांनी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावर १९७६ मध्ये जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. १९९२ मध्ये ते वारले. जेजुरीच्या खंडोबाचा अभ्यास करायचा तर आजही त्यांच्या लेखनाशिवाय पुढे जाता येत नाही. हे मी परतीच्या बसमध्ये काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग हे आधी का नाही सांगितलंत? माकडापाशी पंधरा मिनिटं कमी थांबलो असतो."