ऑफ-ग्रिड केबिनमधली सोलर-बॅटरी-जनरेटर व्यवस्था

ग्रिडची तार पोचत नाही अशा रानातल्या घराला वीज देण्यासाठी सोलर पॅनेल, बॅटरी बँक आणि पेट्रोल, डिझेल किंवा गॅसवरचा जनरेटर एकत्र जोडतात ती व्यवस्था.

सुरुवात कुठं झाली यावर एकमत नाही. एक मत असं की १९७० च्या दशकात उत्तर कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो-हम्बोल्टच्या डोंगरात शहर सोडून राहायला गेलेल्यांनी गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर दिवे लावले आणि पुढे त्यालाच पॅनेल जोडलं, तिथल्याच विलिट्स गावातलं, अशा लोकांना सोलरचं सामान विकणारं रिअल गुड्स हे दुकान १९७८ चं. दुसरं मत दूरसंचाराच्या दुर्गम रिपीटर स्टेशनांकडे (सिग्नल पुढे पाठवणाऱ्या केंद्रांकडे) बोट दाखवतं. तंत्र तिकडून आलं असेलही, पण घरगुती व्यवस्था म्हणून पहिलं मत जास्त पटतं. तेव्हा जनरेटर हातानेच चालू करायचा; बॅटरीचं व्होल्टेज उतरलं की इन्व्हर्टरनेच (बॅटरीची डीसी वीज घराच्या एसी विजेत बदलणाऱ्या यंत्रानेच) तो सुरू करायचा ही सोय साधारण १९९० च्या दशकात ट्रेस इंजिनिअरिंग या इन्व्हर्टर बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या मशिनांमुळे रुळली.

जोडणी दोन प्रकारची. डीसी जोडणीत पॅनेलची वीज चार्ज कंट्रोलरमधून, म्हणजे चार्जिंगवर ताबा ठेवणाऱ्या यंत्रातून, थेट बॅटरीला जाते. एसी जोडणीत पॅनेलला वेगळा इन्व्हर्टर असतो, घराची लाइन बॅटरीचा इन्व्हर्टर उभी करतो आणि बॅटरी भरली की फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या थोडी वर नेतो, ते ओळखून सोलर इन्व्हर्टर पॉवर कमी करतो. ग्रीसमधल्या किथनोस बेटावर सुट्टीच्या १२ घरांसाठी २००१ च्या सुमारास अशी व्यवस्था झाली, तिच्यात डिझेल जनरेटर फक्त ५ केव्हीएचा. अडचण अशी की जनरेटर चालू असताना फ्रिक्वेन्सी तोच ठरवतो, मग ही खूण चालत नाही आणि सोलरची जास्तीची वीज उलटी जनरेटरमध्ये घुसू शकते, त्यामुळे एकट्या छोट्या केबिनला डीसी जोडणीच सोपी आणि बरी.

जनरेटरला फक्त संकटकाळचा पाहुणा समजतात तिथं खरं नुकसान होतं. लेड-ॲसिड बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत भरभर चार्ज होते, नंतर ती करंट कमी-कमी घेते आणि उरलेलं भरायला कित्येक तास लागतात. तेवढा वेळ जनरेटर हलक्या लोडवर घरघरत ठेवला तर डिझेल वाया जातंच, शिवाय क्षमतेच्या ३० टक्क्यांखाली सतत चाललेल्या डिझेल इंजिनात अर्धवट जळलेलं इंधन आणि काजळी साठते. म्हणून जनरेटर पहाटे पूर्ण लोडवर चालवून बंद करावा आणि बॅटरीचे उरलेले वरचे टक्के दिवसभर उन्हाला भरू द्यावेत. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण करंट घेते, रोज काठोकाठ भरायचीही तिला गरज नसते, त्यामुळे हा प्रश्न बराच सुटतो, पण शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, म्हणजे बर्फाळ भागात बॅटरी घराच्या उबदार भागात ठेवावी लागते.

जनरेटर मात्र कायम घराबाहेर, खिडक्यांपासून लांब. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.