यीस्टला मिथेनॉल का पाजतात?

जनुकबदल केलेल्या यीस्टकडून एन्झाइम बनवून घेणाऱ्या प्रयोगशाळांत ‘पिकिया पास्टोरिस’ या यीस्टचं नाव रोजचं आहे. आधी ग्लिसरॉलवर पेशी भरपूर वाढवायच्या आणि मग मिथेनॉल जपून सोडायचं, हा क्रमही पाठ असतो. पण मिथेनॉल विषारी आहे आणि पेटतंही झटकन. तरी तेच का? याचं उत्तर अर्धं जीवशास्त्रात आहे आणि अर्धं तेलाच्या बाजारात.

अन्न हळूहळू सोडण्याची रीत त्याहून जुनी, बेकरीच्या यीस्टची. साखर एकदम ओतली की हे यीस्ट हवा असूनही अल्कोहोल बनवत बसतं आणि पेशींची वाढ मार खाते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत हायडुक आणि डेन्मार्कमध्ये साक यांनी साखरेचं द्रावण यीस्टच्या भुकेच्या बेताने सोडायची पद्धत बसवली. धान्याची टंचाई होती. मळी आणि अमोनियाचे क्षार हाताशी होते. आजची ‘फेड-बॅच’ ती हीच. मूळ कल्पनेत त्यानंतर फार भर पडली असं मला वाटत नाही, मोजमापं तेवढी सुधारली.

मिथेनॉलवर जगणारं यीस्ट 1969 मध्ये जपानमध्ये क्योटोच्या ओगाता आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. नैसर्गिक वायूपासून मिथेनॉल स्वस्तात मिळत होतं, त्यामुळे अमेरिकेतल्या फिलिप्स पेट्रोलियमला त्यात जनावरांचं खाद्य दिसलं. कंपनीने पिकिया निवडलं आणि लिटरमागे 130 ग्रॅमहून जास्त कोरड्या पेशी मिळतील इतकी दाट वाढ साधली. पण 1973 च्या तेलसंकटानंतर मिथेनॉल महागलं, सोयाबीनशी स्पर्धा जमेना आणि खाद्याचा बेत बारगळला. हाती राहिलं ते यीस्ट, त्याच्या वाढीचं पोषक द्रावण आणि ते वाढवायचं कसब.

1980 च्या दशकात फिलिप्सने कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटशी संलग्न जैवतंत्रज्ञान कंपनीला या यीस्टकडून हवी ती प्रथिनं बनवून घेण्याच्या कामाला लावलं. मिथेनॉल पचवताना पहिला घाव अल्कोहोल ऑक्सिडेज हे एन्झाइम घालतं. ऑक्सिजन पकडण्यात ते कच्चं, म्हणून पेशी ते ढिगाने बनवते. विरघळलेल्या प्रथिनांपैकी 30 टक्क्यांपर्यंत ते एकटंच असू शकतं. त्याच्या ‘एओएक्स1’ जनुकाचा प्रमोटर, म्हणजे जनुक चालू-बंद करणारा डीएनएचा तुकडा, ग्लिसरॉल असताना बंद असतो आणि मिथेनॉल मिळताच जोरात सुरू होतो. त्यापुढे हवं ते जनुक जोडायचं, की झालं. जेम्स क्रेग आणि सहकाऱ्यांनी पिकियात बाहेरचा डीएनए घालण्याची पद्धत 1985 मध्ये प्रसिद्ध केली. 1997 मध्ये ऑस्ट्रियातल्या गटाने रबराच्या झाडातलं हायड्रॉक्सिनायट्राइल लायेज याच मार्गाने लिटरमागे 22 ग्रॅमहून जास्त काढलं.

पोषण देण्याची खरी अडचण इथेच आहे. मिथेनॉल हे पेशीचं अन्नही आहे आणि जनुकाचं बटणही. कमी दिलं तर पेशी उपाशी आणि उत्पादन मंद. जास्त दिलं तर फॉर्माल्डिहाइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड साचून पेशी मरतात, आणि फुटलेल्या पेशींतले प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारे एन्झाइम, तयार एन्झाइमच खातात. शिवाय एका कार्बनमागे मिथेनॉल जाळायला ग्लुकोजच्या दीडपट ऑक्सिजन लागतो. मोठ्या टाकीत हवा पुरवणं आणि उष्णता काढणं, दोन्ही तिथे अवघड होतं.

म्हणून 1990 च्या दशकात पिकियाच्या तयार किटबरोबर आलेल्या सूचनांत मिथेनॉलची सुरुवात ताशी, लिटरमागे 3.6 मिलिलिटरने होते. पेशी सरावल्या की वेग दुप्पट, नंतर तिप्पट. तपासायची युक्ती साधी आहे: पंप क्षणभर थांबवायचा. अन्न संपलं की पेशी ऑक्सिजन ओढणं कमी करतात. विरघळलेला ऑक्सिजन लगेच उसळला, तर मिथेनॉल साचलेलं नाही. मिनिटभर वाट पाहावी लागली, तर साचलंय. इतक्या स्वस्तात इतकी कामाची माहिती देणारी चाचणी विरळाच.

पुढे मिथेनॉलसोबत सॉर्बिटॉल द्यायची पद्धत आली. ते अन्न पुरवतं, पण ग्लिसरॉलसारखं बटण बंद करत नाही. 1997 मध्ये ‘जीएपी’ नावाचा दुसरा प्रमोटर पुढे आल्यावर मिथेनॉल पूर्ण टाळता येऊ लागलं. मात्र तो सतत चालू असतो, त्यामुळे पेशीला जाचक ठरणारी प्रथिनं त्याला झेपत नाहीत. अलीकडे एओएक्स1 चे असे बदललेले प्रमोटर वापरात आहेत जे ग्लिसरॉल किंवा ग्लुकोज संपत आलं की मिथेनॉलशिवायच जागे होतात. तिथे साखरेचा पंप किती हळू चालवायचा यावरच जनुक चालू राहणार की नाही ते ठरतं.