लोह ऑक्साइडे : संघटन आणि नामकरण

लोह आणि ऑक्सिजन यांच्या संयुगांना लोह ऑक्साइडे म्हणतात. त्यांतली मुख्य तीन : फेरस ऑक्साइड (एका लोह अणूमागे एक ऑक्सिजन अणू), फेरिक ऑक्साइड (दोनामागे तीन) आणि फेरोसोफेरिक ऑक्साइड (तिनामागे चार). वजनाने त्यांत अनुक्रमे ७७.७, ६९.९ आणि ७२.४ टक्के लोह असते. खनिजरूपात यांनाच वुस्टाइट, हेमॅटाइट आणि मॅग्नेटाइट म्हणतात. वुस्टाइट निसर्गात विरळा. बाकीची दोन मात्र लोखंडाची प्रमुख धातुके आहेत. गोव्यातून बाहेर गेलेले लोहखनिज बव्हंशी हेमॅटाइटचे.

‘फेरस’ आणि ‘फेरिक’ ही नावे लॅटिन ‘फेरम’ म्हणजे लोखंड या शब्दावरून आली. कमी ऑक्सिजनला एक प्रत्यय आणि जास्त ऑक्सिजनला दुसरा, ही रीत १७८७ मध्ये गितों द मोर्व्हो, लव्हॉयझिए, बर्थोले आणि फुर्क्रुआ या फ्रेंच रसायनज्ञांनी आम्लांसाठी घालून दिली. पुढे ती धातूंच्या संयुगांनाही लागू झाली. तिची अडचण शाळेत प्रत्येकाने सोसलेली आहे. ‘अस’ म्हणजे कमी आणि ‘इक’ म्हणजे जास्त एवढेच कळते, किती ते कळत नाही. फेरसमध्ये लोहाची संयुजा २, तर क्युप्रसमध्ये तांब्याची १. हे पाठच करावे लागते. जर्मन रसायनज्ञ आल्फ्रेड श्टोक यांनी १९१९ मध्ये त्यावर सरळ तोडगा सुचवला : धातूच्या नावापुढे कंसात संयुजेचा रोमन आकडा लिहायचा. त्यानुसार फेरस ऑक्साइड म्हणजे लोह (दोन) ऑक्साइड आणि फेरिक ऑक्साइड म्हणजे लोह (तीन) ऑक्साइड.

मॅग्नेटाइटपाशी हा हिशेब अडतो. चार ऑक्सिजन अणूंचे आठ ऋण प्रभार तीन लोह अणूंत वाटले, तर प्रत्येकी अडीचहून थोडे जास्त येतात, आणि असा अपूर्णांकी प्रभार कोणत्याही एका आयनावर नसतो. खरे तर तिनांपैकी एक आयन फेरस आणि दोन फेरिक असतात, म्हणून नावात दोन्ही आकडे येतात : लोह (दोन, तीन) ऑक्साइड. याचे सूत्र ‘फेरस ऑक्साइड अधिक फेरिक ऑक्साइड’ असे फोडून लिहितात खरे, पण ते या दोन भुकट्यांचे मिश्रण नव्हे. सगळे आयन एकाच स्फटिकात ठरलेल्या जागी बसलेले असतात.

सर्वांत साधे नाव असलेले फेरस ऑक्साइडच सर्वांत फसवे आहे. एकास एक हे प्रमाण ते सहसा पाळत नाही. स्फटिकात लोहाच्या काही जागा रिकाम्या राहतात. समजा, १०० ऑक्सिजन अणूंमागे ९५ च लोह अणू आहेत. मग प्रभार जुळण्यासाठी त्यांतले ८५ दुहेरी आणि १० तिहेरी प्रभाराचे असावे लागतात : १७० अधिक ३०, म्हणजे बरोबर २००. संयुगातील घटकांचे प्रमाण ठराविकच असते, असे फ्रेंच रसायनज्ञ प्रूस्त यांचे म्हणणे होते. ते बदलू शकते, असे बर्थोले म्हणत. वाद प्रूस्त यांनी जिंकला. तरीही अशा बदलत्या प्रमाणाच्या संयुगांना पुढे ‘बर्थोलाइड’ म्हणू लागले, ही हरलेल्याला मिळालेली उशिराची दाद म्हणायची. वुस्टाइट सुमारे ५७० अंश सेल्सिअसच्या वरच स्थिर असते. सावकाश थंड होऊ दिले तर लोह आणि मॅग्नेटाइट यांत विघटित होते. लालभडक तापलेल्या लोखंडावर धरणाऱ्या पापुद्र्यात ही तिन्ही ऑक्साइडे थरांनी सापडतात : आत धातूला लागून वुस्टाइटचा जाड थर, मधे मॅग्नेटाइट, बाहेर हवेकडे हेमॅटाइट.

उलट, घटकांचे प्रमाण तेच असून पदार्थ वेगळा, असेही घडते. मॅगहेमाइट हे हेमॅटाइटसारखेच फेरिक ऑक्साइड, पण त्याची स्फटिकरचना मॅग्नेटाइटच्या धर्तीची आणि चुंबकत्वही तसेच जोरदार. जुन्या कॅसेटच्या तपकिरी फितीवर याचेच बारीक कण असत. रासायनिक नाव या दोहोंत फरक करत नाही. त्यासाठी ‘अल्फा’ आणि ‘गॅमा’ ही अक्षरे जोडावी लागतात.

गंजाला बोलताना लोह ऑक्साइड म्हणतात, पण त्यात पाणीही असते. म्हणून सूत्रात फेरिक ऑक्साइडपुढे पाण्याचे ‘क्ष’ रेणू लिहितात. गंजाचा बराच भाग गोएथाइटसारख्या ऑक्सिहायड्रॉक्साइडांचा (ऑक्सिजनबरोबर हायड्रॉक्सिल गटही असलेल्या संयुगांचा) असतो. खनिजांत रस असलेल्या कवी ग्योथे यांच्यावरून १८०६ मध्ये हे नाव दिले गेले. पिवळ्या मातीचा पिवळेपणा बहुधा याच खनिजाचा, तर गेरूची लाली हेमॅटाइटची. पिवळी माती भाजली की गोएथाइटमधले पाणी निघून जाते, त्याचे हेमॅटाइट होते आणि माती तांबडी पडते.