माळकरी काकू आणि माशाचा दोर

सांगलीत विश्रामबागेला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू माळकरी आहेत. गुडघेदुखीवर म्हणून त्यांनी मेडिकलमधून 'मरीन कोलेजन'चा डबा आणला आणि महिनाभर कोमट पाण्यातून घेतला. मरीन म्हणजे समुद्रातलं शेवाळ, अशी त्यांची समजूत. डब्यावरचा मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण मी दाखवला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. कोलेजन हे प्राण्यांचं प्रथिन, वनस्पतींत ते नसतंच. काकूंच्या डब्यातलं माशाच्या कातडीपासून आणि खवल्यांपासून काढलेलं होतं. विकताना हे सांगायलाच हवं होतं.

पण हे प्रथिन आहे मात्र विलक्षण. घायपाताचा दोर वळताना पाहिलाय? प्रत्येक पेडाला एका बाजूने पीळ देतात आणि मग तीन पेड एकत्र उलट्या बाजूने वळतात, म्हणून दोर उसवत नाही. कोलेजन अगदी तसंच आहे. प्रत्येक पेड म्हणजे सुमारे 1000 अमिनो आम्लांची (प्रथिनाच्या मूळ घटकांची) साखळी, तिला डावा पीळ; तिन्ही मिळून उजवा पीळ. ही तीन पेडांची रचना 1954-55 मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी उलगडली. साखळीत दर तिसरं आम्ल ग्लायसिन असतं, कारण दोराच्या गाभ्यात जागाच इतकी कमी की सर्वांत लहान आम्लच तिथे मावतं. एका जागी दुसरं आम्ल आलं तरी हाडं ठिसूळ होणारा जन्मजात आजार होऊ शकतो.

दोर घट्ट राहतो तो साखळीतल्या हायड्रॉक्सिप्रोलिन या आम्लामुळे. प्रोलिन या दुसऱ्या आम्लापासून ते बनवायला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही की स्कर्व्ही होऊन हिरड्यांतून रक्त येतं. थंड समुद्रातल्या माशांत हायड्रॉक्सिप्रोलिन कमी असतं. म्हणून कॉडच्या कोलेजनचा पीळ 15 अंशांच्या आसपासच सुटतो, आपला मात्र शरीराच्या उष्णतेतही टिकतो. पायाचं सूप फ्रीजमध्ये थिजतं तेही याचंच रूप: उकळताना पीळ सुटला, थंड होताना पेड पुन्हा एकमेकांत गुंतले.

आता डब्यातला दोर अख्खा नसतोच. एन्झाइम घालून त्याचे बारीक तुकडे केलेले असतात, पोटात ते आणखी तुटतात. प्रोलिन-हायड्रॉक्सिप्रोलिनची काही जोडी न तुटता रक्तात उतरते, हे मोजून दाखवलेलं आहे. ती पेशींना नवं कोलेजन बनवायला चेतवत असावी, असा एक अंदाज आहे. पण माशाचा दोर जाऊन गुडघ्यात बसत नाही. पाया खाल्ला की पाय बळकट होतात, हा समज जसा चुकीचा तशीच जाहिरातीतली 'थेट सांध्यात' ही भाषा. 2025 मध्ये त्वचेवरच्या 23 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा कंपन्यांच्या पैशाविना झालेल्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. सांधेदुखीत काहींना थोडा आराम पडल्याच्या नोंदी आहेत, त्याहून मोठं काही नाही. माशाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर हात लावू नये.

काकूंना आता फिजिओथेरपिस्टने मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिलेत, आणि क जीवनसत्त्वासाठी मी रोज एक पेरू नेऊन देतो.