समाचाराला आलेला माणूस

६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्याच्या धक्क्यावर उतरले. पोपचे प्रतिनिधी म्हणून आल्यामुळे एखाद्या मोठ्या वाड्यात उतरण्याचा त्यांचा मान होता, पण ते राहायला गेले इस्पितळात. दिवसभर आजाऱ्यांचे पापनिवेदन ऐकायचं आणि रात्री सगळ्यांत अत्यवस्थ रुग्णाच्या खाटेजवळ जमिनीवरच अंग टाकायचं, असा त्यांचा त्या दिवसांतला क्रम चरित्रकारांनी नोंदवला आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गोव्याहून लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की पापनिवेदनासाठी येणारे इतके आहेत, की एकाच वेळी दहा ठिकाणी हजर राहता आलं असतं तरी काम संपलं नसतं. रुग्णालयात राहून तिथल्या माणसांच्या मनाची काळजी वाहणारा, ज्याच्याविषयी आपण तपशिलाने काही सांगू शकतो असा आपल्या भागातला हा जुना दाखला. ते इस्पितळ पोर्तुगीज सैनिकांचं होतं, तिथे स्थानिक माणसाला खाट मिळत नव्हती, हेही त्याबरोबरच लक्षात ठेवायला हवं.

आज हे काम करणाऱ्याला इंग्रजी मुलखात चॅप्लेन म्हणतात. मराठीत नेमका शब्द नाही. मिशनच्या रुग्णालयांत ‘पाळक’ किंवा ‘फादर’ म्हणतात, पण ते त्या माणसाच्या धर्मपदाचं नाव झालं, कामाचं नव्हे. कामाचं नाव मात्र मराठीत फार जुनं आहे. आजाऱ्याला भेटायला जाणं म्हणजे समाचाराला जाणं. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ‘मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात’ हे वचन मराठीत आणताना भाषांतरकारांनी हाच समाचार शब्द वापरला. या व्यवसायाची आठशे-नऊशे वर्षांची वाटचाल मला या एका शब्दाच्या भोवती फिरताना दिसते. समाचाराला आलेल्या माणसाने बोलायचं, की ऐकायचं?

चॅप्लेन हा शब्द एका झग्यावरून आला. चौथ्या शतकात मार्टिन नावाच्या रोमन सैनिकाने आमियां शहराच्या वेशीपाशी थंडीत कुडकुडणारा भिकारी पाहिला, तलवारीने आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला, अशी कथा आहे. पुढे मार्टिन तूर शहराचे बिशप झाले. त्यांचा तो झगा, लॅटिनमध्ये ‘कापेला’, फ्रँक राजे लढाईवरही सोबत नेत. तो सांभाळणारे पुरोहित ते ‘कापेलानी’, आणि तो ठेवायची जागा ती चॅपेल.

मध्ययुगातल्या युरोपात रुग्णालय आणि प्रार्थनास्थळ या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. लंडनचं सेंट बार्थोलोम्यू रुग्णालय ११२३ साली राहेर नावाच्या धर्मसेवकाने काढलं आणि ते आजही चालू आहे. फ्रान्समधल्या बोन गावचं १४४३ सालचं धर्मार्थ रुग्णालय पाहिलं की त्या काळाची समजूत कळते. गरिबांच्या लांबलचक दालनात दोन्ही भिंतींना खाटा आणि टोकाला चॅपेल, म्हणजे पडल्या पडल्या प्रार्थना ऐकू यावी. वेदीमागे शेवटच्या न्यायनिवाड्याचं मोठं चित्र होतं. रविवारी आणि सणावाराला त्याची दारं उघडत. एका बाजूला स्वर्गाकडे निघालेले, दुसऱ्या बाजूला नरकात कोसळणारे. ताप अंगात असलेल्या माणसाला ते चित्र कसं दिसत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने तर नियमच केला होता की वैद्याने रुग्णाला आधी आत्म्याच्या वैद्याला बोलावण्यास सांगावं, औषध नंतर. आजार आणि पाप यांची गाठ इतकी पक्की मानलेली होती. पुरोहित येई तो रुग्णाचं ऐकायला, पण ऐकायचं ते त्याचं पाप.

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट मुलखातले मठ गेले, रुग्णालयं हळूहळू नगरपालिका आणि दानशूर मंडळांच्या हाती आली. एकोणिसाव्या शतकात शस्त्रक्रियागृह आणि प्रयोगशाळा मोठ्या झाल्या आणि पुरोहित आठवड्यातून एकदा येणारा पाहुणा झाला.

नेमक्या त्याच काळात मिशनची रुग्णालयं आपल्याकडे आली. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ साली सुरू केलेलं रुग्णालय दूरदूरच्या माणसांचा आधार झालं. मिशनच्या दवाखान्यांत सर्रास एक रीत होती. डॉक्टर तपासायला बसण्याआधी, बाहेर थांबलेल्या रुग्णांपुढे शास्त्रवाचन आणि प्रार्थना व्हायची. बायकांच्या वॉर्डात बायबल वाचून दाखवणाऱ्या बाया फिरायच्या. यातल्या कित्येकांनी प्लेगात आणि कॉलऱ्यात जिवाची पर्वा केली नाही, हे खरं. पण दुखणं घेऊन आलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, आणि अशा माणसापुढे केलेला उपदेश त्याला नाकारताही येत नाही. या बोचणीचं रूपांतर पुढे राजकीय प्रश्नात झालं. त्या वेळच्या मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या, नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश नियोगी यांच्या समितीने १९५६ च्या अहवालात वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचं थेट साधन म्हणून होणारा वापर कायद्याने बंद करावा, अशी शिफारस केली. ‘रुग्णालयात धर्माचा माणूस’ म्हटल्यावर आपल्याकडे आजही भुवई वर जाते, त्यामागे हा इतिहास आहे.

या कामाचा चेहरा बदलला तो अमेरिकेत, आणि बदलणारा माणूस स्वतः रुग्ण होता. अँटन बॉयसेन यांचा जन्म १८७६ चा, इंडियानातला. धर्मशास्त्र शिकून ते पाळक झाले. ऑक्टोबर १९२० मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्यांचं मानसिक संतुलन एकाएकी ढासळलं. जगावर महासंकट कोसळतंय असं त्यांना दिसू लागलं. घरच्यांनी त्यांना बॉस्टनच्या मनोरुग्णालयात दाखल केलं, तिथून वेस्टबरोच्या सरकारी रुग्णालयात हलवलं. जवळपास सव्वा वर्ष ते आत होते. शुद्धीवर आल्यावर त्यांना एक गोष्ट सलत राहिली. आपण जे पाहिलं, जे ऐकलं, ते काय होतं, हे डॉक्टरांपैकी कुणीच धडपणे विचारलं नाही. आणि जी धर्माची माणसं येत त्यांना मनाच्या आजारातलं काही कळत नसे. बॉयसेन यांचं म्हणणं असं की वेडाच्या काही झटक्यांत माणूस स्वतःच्या जगण्याचे तुटलेले धागे जोडायला धडपडत असतो. ती धडपड समजून घेणारं कुणीतरी तिथे असायला हवं.

१९२४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर सरकारी मनोरुग्णालयात ते चॅप्लेन म्हणून रुजू झाले. अधीक्षक होते विल्यम ब्रायन. मनोरुग्णालयात पाळक कशाला, असं टोचणाऱ्यांना त्यांनी ऐकवलं होतं की रुग्णांना उपयोग होणार असेल तर मी घोड्यांचा डॉक्टरसुद्धा आणीन. १९२५ च्या उन्हाळ्यात बॉयसेन यांनी धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी तिथे आणले. त्यातल्या एक होत्या हेलन फ्लँडर्स डनबर, ज्यांनी पुढे मन आणि शरीर यांच्या नात्याच्या वैद्यकात मोठं नाव कमावलं. या विद्यार्थ्यांना प्रवचन करायचं नव्हतं. ते वॉर्डात अटेंडंट म्हणून राबत. रुग्णांना न्हाऊमाखू घालायचं, फिरायला न्यायचं, आणि संध्याकाळी दिवसभर काय पाहिलं ते लिहायचं. ग्रंथ वाचायला शिकता तसा जिवंत माणूसही वाचायला शिका, हे बॉयसेन यांचं सूत्र. त्यांचा शब्द होता ‘जिवंत मानवी दस्तऐवज’.

हा माणूस पूर्ण बरा झाला नाही. आई गेल्यानंतर १९३० मध्ये त्यांना पुन्हा झटका आला, आणि ज्यांनी त्यांना साथ दिली होती त्यांतले काही दूर झाले. पाळकांना रुग्णालयात शिकवण्याच्या, त्यांनीच उभ्या केलेल्या चळवळीच्या नेतृत्वातून त्यांना बाजूला सारण्यात आलं. १९३२ मध्ये ते इलिनॉयमधल्या एल्जिन रुग्णालयात गेले आणि १९६५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथलेच होऊन राहिले. त्यांची कहाणी वाचताना मला दर वेळी गलबलतं. कारण ज्याला कुणी विचारलं नाही, त्यानेच विचारण्याची विद्या उभी केली.

त्या विद्येचं एक हत्यार रसेल डिक्स या तरुण चॅप्लेनच्या हातून घडलं. विद्यार्थ्याने रुग्णाशी झालेलं बोलणं आठवून शब्दशः लिहून काढायचं, प्रत्येक वाक्याला क्रमांक द्यायचा, मधली शांततासुद्धा नोंदवायची. मग ते गुरूपुढे आणि सहाध्यायांपुढे वाचायचं. समजा, रुग्ण म्हणाला, “आता माझं काही खरं नाही.” विद्यार्थी म्हणाला, “असं मनात आणू नका, देव आहे ना, सगळं ठीक होईल.” इथे गुरू थांबवतो आणि विचारतो, हे वाक्य कुणासाठी होतं? त्याची भीती शमवायला, की तुझी? आपल्यातला प्रत्येक जण हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या उशाशी बोललेला आहे. ते वाईट मनाने बोललेलं नसतं. पण त्यानंतर रुग्ण गप्प होतो, हेही आपण पाहिलेलं असतं. अमेरिकेत प्रशिक्षणाचा एक टप्पा किमान चारशे तासांचा असतो, आणि पूर्ण पात्रतेसाठी असे चार टप्पे लागतात. त्यातला मोठा भाग या एका प्रश्नाशी झगडण्यात जातो.

बॉयसेन यांच्यामागे सुरुवातीला भक्कम उभे राहिले होते ते बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे डॉ. रिचर्ड कॅबट. डॉक्टरांप्रमाणे पाळकांनीही वर्षभर रुग्णालयात शिकावं, अशी जाहीर मागणी त्यांनी १९२५ मध्येच लेख लिहून केली. याच कॅबट यांनी वीस वर्षं आधी, १९०५ मध्ये, आपल्या बाह्यरुग्ण विभागात समाजसेविका नेमली होती. रुग्ण घरी काय खातो, कुठे झोपतो, हे कळल्याशिवाय औषध लागू पडत नाही हे त्यांना पटलं होतं. म्हणजे एकाच डॉक्टरच्या पाठिंब्याने दोन वाटा पुढे गेल्या, समाजसेवकाची आणि चॅप्लेनची. त्यातली पहिली आपल्यापर्यंत पोचली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाड्यात वस्तीकेंद्र उभं केलं होतं. १९३६ मध्ये मुंबईत टाटांची समाजकार्याची संस्था निघाली तिचे ते पहिले संचालक झाले, आणि १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. आज मोठ्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा विभागाची पाटी दिसते. दुसऱ्या वाटेची पाटी मिशनची रुग्णालयं सोडली तर क्वचितच दिसते. मोफत औषध, रेशनकार्ड, धर्मादाय निधी यांच्या कागदांच्या ढिगाऱ्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या त्या समाजसेवकाकडेच आपण ‘मी का?’ हा प्रश्नही पाठवतो.

ही उणीव काही अंशी भरून आली ती वेदनाशामक सेवेच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारातला त्रास कमी करण्याच्या कामाच्या बाजूने. लंडनच्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर. १९४८ मध्ये कर्करोगाने मरण पावलेल्या डेव्हिड तास्मा या पोलिश ज्यू निर्वासिताशी झालेल्या संभाषणांतून त्यांच्या डोक्यात एका वेगळ्या घराची कल्पना रुजली. तास्मांनी त्यांच्यासाठी पाचशे पौंड ठेवले. तुमच्या घरात मी एक खिडकी होईन, असं ते म्हणाले होते. १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं घर, उघडलं. साँडर्स यांनी मांडलेल्या ‘समग्र वेदने’त शरीर, मन, नातीगोती यांच्या जोडीला आत्मिक वेदनाही होती. मॉर्फिनने न शमणारं दुखणं असतं, हे त्यामुळे पहिल्यांदा डॉक्टरांच्या भाषेत आलं. १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसूझा यांनी वांद्र्याला शांती आवेदना उभं केलं, ते भारतातलं पहिलं हॉस्पिस. १९९७ पासून पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं अशाच सेवेचं केंद्र आहे. अशा ठिकाणी हे काम कुणा एकाच्या नावावर नसतं, सिस्टर, समुपदेशक, स्वयंसेवक मिळून करतात. आणि भारतीय लष्करात तर ते पदच आहे. पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री म्हणून भरती होणाऱ्या धर्मशिक्षकांच्या कर्तव्यांत रुग्णालयातल्या जवानांची विचारपूस आणि बरे होत असलेल्यांबरोबर प्रार्थना यांचा स्पष्ट उल्लेख असतो.

परदेशात दरम्यान हे काम एका धर्माच्या चौकटीबाहेर गेलं. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत १९४८ पासून चॅप्लेन आहेत. तिथे आता मुस्लिम, हिंदू, शीख चॅप्लेन दिसतात, आणि २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत कुठलाच धर्म न मानणाऱ्यांच्या गरजांचाही विचार आला. नेदरलँड्समध्ये मानवतावादी विचारांचे, देव न मानणारे सल्लागार हेच काम कितीतरी आधीपासून करत आले आहेत. आपलं मत रुग्णावर लादायचं नाही, हा अमेरिकन चॅप्लेनच्या आचारसंहितेतला ठळक नियम आहे. मिशनच्या व्हरांड्यातल्या त्या रुग्णाला जो हक्क नव्हता, तो आता लेखी मिळालेला आहे.

ज्यांची मुलं परदेशात आहेत आणि ज्यांना तिथल्या रुग्णालयात राहण्याची वेळ येते, अशा मराठी आईवडिलांना हे माहीत असलेलं बरं. दाखल होताना धर्म विचारतात तो बहुतेक वेळा याचसाठी. दारात येऊन “बसू का?” असं विचारणारा माणूस औषध द्यायला आलेला नसतो, बाटवायलाही नाही. हरिपाठ ऐकायचा असेल, तोंडात तुळशीचं पान हवं असेल, खोलीत दिवा चालत नसेल तर काय करता येईल हे विचारायचं असेल, तर ते त्याला सांगावं. काहीच नको असेल, नुसतं गावाकडचं बोलायचं असेल, तरी तो बसतो. आणि “आज नको” म्हटलं तर तो उठून जातो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो.